कोऱ्या कडेची टेप

टेपच्या टोकाचा हूक किंचित हलतो. नवी टेप हातात घेतली की बोटाला तो ढिलेपणा लगेच जाणवतो आणि पुष्कळांना वाटतं, रिवेट नीट बसलेली नाही, माल हलका आहे. अख्ख्या टेपमध्ये सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट मात्र हीच आहे. हूक त्याच्या स्वतःच्या पत्र्याच्या जाडीइतकाच हलतो, साधारण एक मिलिमीटर. फळीच्या कडेला अडकवून टेप ओढली की हूक जाडीभर बाहेर सरकतो आणि शून्य त्याच्या आतल्या अंगाला येतं. तीच टेप कपाटाच्या आत एका बाजूला टेकवून दाबली की हूक तेवढाच मागे जातो आणि शून्य बाहेरच्या अंगाला येतं. बाहेरून घेतलेलं माप आणि आतून घेतलेलं माप, दोन्हीही एकाच पट्टीवर खरी उतरावीत म्हणून शून्यालाच जागा बदलायची मुभा दिली आहे. सुतारकामाच्या हत्यारांत याहून सुंदर युक्ती मला माहीत नाही.

या हुकात आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या असतात. चांगल्या टेपच्या हुकाला मधोमध एक चीर असते. खिळ्याच्या किंवा स्क्रूच्या डोक्यावर ती अडकवली की दुसऱ्या टोकाला कुणी धरायला लागत नाही, एकटा माणूस आठ फुटांचं माप घेऊ शकतो. आणि काही हुकांची खालची कड बारीक दातेरी असते. पेन्सिल खिशात राहिली असेल तेव्हा त्या दातांनी प्लायवर ओरखडा काढून खूण करता येते. बोटभर लांबीच्या पत्र्यात एवढं सारं बसवलेलं असतं.

हा हूक टेपचा सर्वांत नाजूक भागही आहे. लॉक सोडून पातं सपकन आत जाऊ दिलं की प्रत्येक वेळी हूक डबीवर आदळतो आणि रिवेटींची भोकं हळूहळू मोठी होतात. मग हूक जाडीपेक्षा जास्त हलू लागतो आणि आतलं-बाहेरचं माप जुळेनासं होतं. हे तपासायला काही लागत नाही. एका फळीच्या कडेला हूक अडकवून २०० मिलिमीटरवर रेघ मारायची. मग त्याच कडेला एक ठोकळा घट्ट लावून धरायचा, हूक ठोकळ्याला दाबायचा आणि पुन्हा २०० वर रेघ मारायची. दोन रेघा एकीवर एक आल्या तर टेप शहाणी आहे. हुकावर अजिबात भरवसा ठेवायचा नसेल तेव्हा जाणते सुतार हूक सोडूनच देतात: फळीच्या कडेवर दहा सेंटिमीटरची रेघ धरायची, तिथून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. पद्धत उत्तम, फक्त ते दहा वजा करायचे लक्षात राहिले पाहिजेत. मापाच्या कागदावर आधीच ‘१० सोडून’ असं लिहून ठेवणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

हुकाच्या मागे येतं पातं. स्प्रिंगने आपोआप आत जाणाऱ्या टेपचं पेटंट शेफील्डच्या जेम्स चेस्टरमनने १८२९ साली घेतलं. अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या अल्विन फेलोजने १८६८ मध्ये पातं हव्या त्या लांबीवर अडवून ठेवण्याची सोय केली. तरीही पातं सपाटच होतं. ओढलं की लुळं पडणार. आज आपण जिला टेप म्हणतो तिचा जन्म १९२२ मधला. त्या वर्षी हायरम फॅरंडने आडव्या अंगाने बाक दिलेल्या पात्याचं पेटंट घेतलं. पत्र्याला पन्हळीसारखा हलका बाक दिला की तेच पातळ पोलाद हवेत दोन-तीन मीटर ताठ उभं राहतं आणि डबीत शिरताना निमूट सपाट होऊन गुंडाळलं जातं. छताची उंची घ्यायची, खिडकीच्या पलीकडची भिंत गाठायची, नाहीतर माळ्यावर टेप सरकवायची, तर हा बाक हवाच. बांधकामाच्या साइटवर टेप किती लांब ताठ राहते यावर तिची किंमत ठरते, आणि ते योग्यच आहे.

पण फर्निचरच्या बाकावर हाच बाक आडवा येतो. बाकदार पातं फळीवर ठेवलं की त्याच्या कडा लाकडाच्या वर अधांतरी राहतात. रेघ पात्यावर असते आणि खूण करायची असते लाकडावर, मधे दोन-तीन मिलिमीटरची पोकळी. डोळा नेमका वर असला तर ठीक, थोडा डावीकडे-उजवीकडे गेला की पेन्सिल अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकलीच. म्हणून अनुभवी हात पातं एका बाजूला कलंडून त्याची कड लाकडाला टेकवतो आणि अंगठ्याने दाबून धरतो. यात हात गुंततो, आणि हूकही कधीकधी कडेवरून निसटतो. खास सुतारकामासाठी निघालेल्या टेपांनी हा प्रश्न मुळातूनच सोडवला: बाक काढूनच टाकला. सपाट पात्याची टेप फळीवर पसरली की चिकटल्यासारखी पडून राहते. रेघ लाकडाला टेकलेली असते, बघायचा कोन कोणताही असला तरी खूण एकाच जागी पडते. ही टेप हवेत फूटभरही उभी राहत नाही. छत मोजायला तिचा काही उपयोग नाही. एका कामाचं बळ सोडून दुसऱ्या कामाची बारकाई घेणं हा निर्णय मला फार प्रामाणिक वाटतो. हवेतली मापं घ्यायला दुसरी टेप ठेवावी.

आता आकडे. भारतातल्या साइटवरचं गणित परक्याला चक्रावून टाकेल. प्लाय मागवायची आठ बाय चारची, म्हणजे फुटांत, पण जाडी सांगायची एकोणीस एमएम. ड्रॉवरचा टेलिस्कोपिक चॅनल अठराचा किंवा वीसचा, म्हणजे इंचांत, पण बसायला त्याला दोन्ही बाजूंनी १२.७ मिलिमीटर जागा लागते. बिजागरीच्या वाटीचं भोक ३५ मिलिमीटरचं. आणि मिस्त्री माप सांगतो, ‘दोन फूट साडेसात इंच, एक सूत कमी.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. सुताच्या भाषेत ज्याचं डोकं चालतं त्याची बेरीज-वजाबाकी मी कौतुकाने ऐकलेली आहे. आठ सुतांचा इंच, बारा इंचांचा फूट आणि मधेच मिलिमीटरची जाडी, हे सगळं तो तोंडी करतो.

तरी माझं मत स्पष्ट आहे. कपाट, किचन, ड्रॉवर यांच्या कामाला फक्त मिलिमीटरची टेप घ्यावी. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक टेपांवर एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर छापलेले असतात. दिसायला सोयीचं, पण खूण नेहमी पात्याच्या कडेवरच करायची असते. इंचांची कड पुढे असेल आणि माप मिलिमीटरमध्ये असेल तर पातं ओलांडून पलीकडची रेघ डोळ्याने अलीकडे आणावी लागते, किंवा टेप फिरवून आकडे उलटे वाचावे लागतात. उलटा ६१ हा १९ दिसतो, उलटा ८६ हा ९८. यावर उपाय म्हणून दोन्हीकडून वाचता येतील अशा टेपाही निघाल्या आहेत. साध्या टेपचे आकडे डबी उजव्या हातात असताना सुलटे दिसतात. पण उजव्या हातात पेन्सिल असते, मग डबी डाव्या हातात जाते आणि सगळे आकडे डोक्यावर उभे राहतात. जगातले बहुतेक सुतार उजव्या हाताने रेघ मारतात, हे छपाई ठरवणाऱ्यांच्या ध्यानात यायला इतका काळ जावा याचं मला आश्चर्य वाटतं.

छपाईत काही खुणा अशाही असतात ज्यांच्याकडे आपण कधी पाहतच नाही. अमेरिकेसाठी बनवलेल्या टेपवर दर १६ इंचांना आकडा लाल चौकोनात असतो आणि दर १९.२ इंचांना एक छोटा काळा हिरा. तिथली घरं लाकडी खांबांच्या सांगाड्याची. आठ फुटांचा प्लास्टरबोर्ड किंवा प्लाय ठोकताना त्याची कड खांबावरच संपली पाहिजे, म्हणून खांबांमधलं अंतर आठ फुटांना पूर्ण भाग जाईल असं ठरवतात. ९६ इंचांचे सहा भाग केले की १६, पाच केले की १९.२. आपल्या भिंती विटांच्या, त्यामुळे या खुणा आपल्याकडच्या कामात निरर्थक ठरतात. पण आपली प्लाय तीच आहे, आठ बाय चारची. आठ फुटांच्या पुस्तकांच्या शेल्फचे पाच सारखे भाग आखायचे असतील तर काळे हिरे हिशोबाशिवाय मदतीला येतात. परक्या घराचा सांगाडा आपल्या शेल्फला असा उपयोगी पडतो.

हिऱ्यांपेक्षाही क्वचित पाहिली जाणारी खूण पात्याच्या सुरुवातीला असते: एका छोट्या वर्तुळात किंवा लंबवर्तुळात रोमन आकडा, एक, दोन किंवा तीन. ही टेपच्या अचूकतेची श्रेणी. युरोपीय नियमानुसार पहिल्या श्रेणीच्या टेपला एका मीटरवर जास्तीत जास्त ०.२ मिलिमीटर चूक माफ असते, दुसऱ्या श्रेणीला ०.५ आणि तिसऱ्या श्रेणीला पूर्ण एक मिलिमीटर. पाच मीटरवर हेच आकडे ०.६, १.३ आणि २.६ होतात. बाजारातल्या बऱ्या टेपा बहुतेक दुसऱ्या श्रेणीच्या असतात.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे, कारण साइटवरच्या कितीतरी भांडणांचं मूळ त्यात आहे. दुसऱ्या श्रेणीच्या दोन टेपा घ्या. एका मीटरवर पहिली अर्धा मिलिमीटर जास्त दाखवते, दुसरी अर्धा कमी. दोन्ही नियमात बसतात, दोन्ही पास झालेल्या आहेत, आणि दोघींमध्ये एक मिलिमीटरचा फरक आहे. आता घरात माप घेणाऱ्याकडे एक टेप आणि कारखान्यात प्लाय कापणाऱ्याकडे दुसरी. ड्रॉवर अडकतो, शटर घासतं, आणि दोघेही शपथेवर सांगतात की माप बरोबर होतं. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टेप, हा नियम महागड्या टेपपेक्षा मोलाचा आहे. दोन माणसं असतील तर कामाच्या पहिल्या दिवशी दोन्ही टेपा शेजारी पसरून एकदा एकमेकींशी ताडून घ्याव्यात.

इथून पुढे मुख्य मुद्द्याकडे येता येतं. फर्निचरमध्ये आकडा दुय्यम असतो. ड्रॉवर ४४६ मिलिमीटरचा आहे की ४४७चा याच्याशी वापरणाऱ्याला काही देणंघेणं नाही. तो समोरच्या खाचेत सुतासारखा सरकला पाहिजे, बस. म्हणजे हवी असते जुळणी, आणि आकडा हा ती जुळणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचा एक मार्ग झाला. तो धोक्याचा मार्ग आहे. आधी रेघ वाचायची, मग आकडा लक्षात ठेवायचा, मशीनच्या आवाजात ओरडून सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचा, कागदावर लिहायचा, आणि पुन्हा टेपवर शोधायचा. ‘एकोणसाठ’चा ‘एकोणसत्तर’ व्हायला या वाटेवर किती जागा आहेत! मिस्त्री मराठी आणि कारागीर राजस्थानी किंवा उत्तर प्रदेशातला असेल तर आणखी एक भाषा मधे येते.

जुन्या सुतारांनी आकडाच टाळला होता. ते चौकटीसाठी, पायऱ्यांसाठी, पलंगासाठी एक काठी घेत आणि तिच्यावर सगळ्या खुणा करत: ही खालची पट्टी, ही मधली, इथे कुसू, इथे बिजागरी. मग काठी प्रत्यक्ष लाकडाला लावून खुणा उतरवून घेत. वाचणं नाही, लिहिणं नाही, सांगणं नाही. युरोप-अमेरिकेतल्या सुतारांकडे आणि गवंड्यांकडेही अशी काठी होती. एका कामाला एक काठी, दहा चौकटी तिच्यावरून, आणि दहाही सारख्या.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फास्टकॅप नावाची कंपनी आहे. पॉल एकर्स या सुतारकाम करणाऱ्या माणसाने ती १९९७ साली सुरू केली, स्क्रूची डोकी झाकणाऱ्या चिकट टिकल्यांपासून. याच कंपनीने ती काठी डबीत गुंडाळून आणली. टेप सपाट पात्याची. पात्याच्या एका कडेला नेहमीचे आकडे आणि दुसरी कड कोरी, पेन्सिलने खूण उमटेल अशा खरबरीत लेपाची. काम झालं की पुसून टाकायची. वर डबीवरही लिहायची-पुसायची जागा आणि पेन्सिलला टोक करायची सोय. हत्याराचं रसग्रहण करायचं तर माझ्या लेखी त्याचा सर्वांत उंच क्षण ही कोरी कड आहे. माप सांगण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूने आपली अर्धी जागा मोकळी सोडली आणि म्हटलं, इथे तुमची खूण करा.

ती कशी चालते ते एका कामावरून सांगतो. खोलीत एक जुनं सागवानी कपाट आहे आणि त्याच्या शेजारी नवं करायचं आहे. फळ्यांच्या रेषा, ड्रॉवरची वरची कड, खालची स्कर्टिंग, सगळं एका ओळीत आलं पाहिजे. कोऱ्या कडेची टेप जुन्या कपाटाच्या वरच्या कडेला अडकवायची, खाली सोडायची आणि प्रत्येक फळीशी एक बारीक रेघ. रेघेपुढे एक बाण, कारण फळीला दोन कडा असतात आणि कोणती घेतली हे पंधरा मिनिटांनी आठवत नाही. मग तीच टेप नव्या कपाटाच्या बाजूच्या पल्ल्याला वरून अडकवायची आणि रेघा उतरवायच्या. एकही आकडा उच्चारला गेला नाही. टेप पहिल्या श्रेणीची असो की तिसऱ्या, काही फरक पडला नाही, कारण जी चूक घेताना झाली तीच देताना झाली आणि दोन्ही एकमेकींत विरून गेल्या. हुकाचा ढिलेपणासुद्धा विरला. घेतानाही तो ओढलेला होता, देतानाही ओढलेलाच.

एका ठिकाणी मात्र जपायला हवं. भिंतीतल्या कोनाड्याची आतली रुंदी घेताना हूक दाबला जातो आणि त्या रुंदीची फळी आखताना तो ओढला जातो. इथे हुकाची झीज मापात उतरते. कोरी कड आकड्याच्या चुका पुसते, हुकाची चूक तिला पुसता येत नाही. शिवाय कोनाड्यात डबी कोपऱ्यात अडते आणि डबीची लांबी मिळवून हिशोब करावा लागतो. तिथे टेप खिशात ठेवावी. दोन सरळ पट्ट्या एकीवर एक धरून दोन्ही भिंतींना टेकतील अशा सरकवायच्या, शिकंज्याने आवळायच्या आणि तशाच बाहेर काढायच्या. खाली, मधे, वर अशा तीन जागी, कारण प्लास्टरच्या भिंती क्वचितच समांतर असतात. त्या पट्ट्यांची लांबी मग टेपच्या कोऱ्या कडेवर बाहेरून उतरवता येते.

युरोपीय पद्धतीच्या मॉड्युलर कपाटात भोकांची रांग पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर असते आणि दोन भोकांमध्ये ३२ मिलिमीटर. त्यासाठी दर ३२ मिलिमीटरला खूण छापलेल्या टेपाही मिळतात. त्या मला आवडतात, पण ज्याला रोज तेच काम आहे त्यानेच घ्याव्यात.

हवामानाबद्दल थोडं. टेपचं माप २० अंश सेल्सिअसला खरं धरलेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत पोलाद मीटरमागे जवळजवळ ०.३ मिलिमीटर लांबतं, म्हणजे आठ फुटांच्या प्लायवर सुमारे ०.७. एकाच दिवशी एकाच टेपने मोजून कापलं तर याचा त्रास होत नाही. लाकूड मात्र उष्णतेपेक्षा ओलीने हलतं आणि हलतं ते रुंदीत. सागवान त्यातल्या त्यात स्थिर, तरी फूटभर रुंद फळी पावसाळ्यात दोन मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. जूनमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या फटीने बसवलेला ड्रॉवर ऑगस्टमध्ये उघडणार नाही. टेप कितीही चांगली असली तरी ही फट सुतारानेच ठरवायची असते.

बारीक सांध्यांना, कुसू आणि ते बसतं त्या सालाला, कुठलीच टेप वापरू नये. तिथे पोलादी पट्टी, गुण्या आणि चाकूची रेघ. सालाची रुंदी पटाशीच्या रुंदीइतकी धरली की मोजायचा प्रश्नच उरत नाही.

दुकानात टेप घ्यायला गेलात तर पातं बाहेर काढून आधी रोमन आकडा शोधा, मग हूक ओढून-दाबून बघा, मग ती प्लायच्या तुकड्यावर पसरून कड किती उचलली जाते ते पाहा. सपाट आणि कोऱ्या कडेची टेप सहज मिळाली नाही तर तीन मीटरची, फक्त मिलिमीटरची, दुसऱ्या श्रेणीची टेप घ्या. पात्याच्या पाठीवर छपाई नसेल तर तिथे कागदी मास्किंग टेपची एक पट्टी चिकटवा आणि पेन्सिलने खुणा करत जा. फर्निचरच्या कामाला पाच मीटरपेक्षा लांब टेप घेऊ नका.